मानसशास्त्रात ‘ऑनर्स’ करायचंय? परभणीच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच वर्षी समजून घ्याव्यात अशा गोष्टी

बी.ए.च्या प्रवेश अर्जात आता ‘मेजर’ नावाचा एक रकाना असतो. त्यात ‘मानसशास्त्र’ लिहिणाऱ्यांची कारणं साधारण ठरलेली असतात. कुणाला समुपदेशक व्हायचं असतं, कुणाला यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घ्यायचा असतो, कुणाला एखाद्या सीनियरनं सांगितलेलं असतं की ‘सोपा आहे, गोष्टीसारखा वाचायचा’. घरी सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो : मग आता माझ्या मनात काय चाललंय ते सांग बरं!

कॉलेज सुरू होतं, प्रात्यक्षिकाचा तास लागतो आणि टेबलावर मन वगैरे काही नसतं. तिथं एक सरकती पट्टी असते, स्टॉपवॉच असतं आणि मिलिमीटरमध्ये आकडे लिहायचा तक्ता असतो. पुढच्या आठवड्यात मध्यमान आणि प्रमाण विचलन काढायला सांगतात. गणित नको म्हणून कला शाखेत आलेल्यांचा इथं हिरमोड होतो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा विषय आता चार वर्षांच्या ‘ऑनर्स’ पदवीपर्यंत नेता येतो. पण त्या चौथ्या वर्षाचा पाया पहिल्या वर्षाच्या ‘मानसशास्त्राची ओळख’ या पेपरातच पडतो. म्हणून तो पेपर नेमका काय आहे, ऑनर्सच्या तयारीनं तो कसा वाचायचा आणि त्यानंतर काय मिळतं, काय मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

‘ऑनर्स’ म्हणजे नेमकं कोणतं?

या शब्दानं बराच घोळ घातलाय. दिल्ली विद्यापीठात ‘बी.ए. ऑनर्स’ ही वर्षानुवर्षं तीन वर्षांची पदवी होती. अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘ऑनर्स’चा वर्ग म्हणजे त्याच विषयाची जरा कठीण, जास्त वाचन-लेखन मागणारी तुकडी. इंजिनीअरिंगमध्ये नेहमीच्या पदवीवर जादा क्रेडिट मिळवून ऑनर्स घेता येतं. महाराष्ट्रातल्या बी.ए.ला सध्या यातलं काहीच लागू नाही.

इथं ऑनर्स म्हणजे चौथं वर्ष. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. डिसेंबर २०२२ मध्ये यूजीसीनं चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला आणि २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रानं आपली क्रेडिटची रचना ठरवली. स्वायत्त महाविद्यालयांत तिची सुरुवात २०२३-२४ ला झाली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला. परभणी जिल्ह्यातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे २०२४-२५ ला पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७-२८ ला चौथ्या वर्षात असेल.

आकडे असे : यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांना १६०. महाराष्ट्राच्या रचनेत ते अनुक्रमे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे ६० तास वर्गात बसणं.

चौथ्या वर्षाचे पुन्हा दोन प्रकार आहेत. साधं ऑनर्स, आणि ‘संशोधनासह ऑनर्स’. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण लागतात आणि १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. त्यात पहिल्या सत्राचे गुणही धरले जातात. ‘पहिलं वर्ष नुसतं पास व्हायचं, मग बघू’ हा आपल्याकडचा जुना हिशेब इथं अंगाशी येतो.

आणखी एक. ऑनर्स मिळतं ते मेजर विषयात. मानसशास्त्र मायनर ठेवलं तर विषय शिकता येतो, पण त्या विषयातली ऑनर्स पदवी मिळत नाही. अर्ज भरताना कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नये असा हा रकाना आहे.

पहिल्या पेपरात असतं काय?

जगात बहुतेक सगळीकडे ‘मानसशास्त्राची ओळख’ या पेपरातली प्रकरणं सारखीच असतात : विषयाचा इतिहास आणि संशोधन पद्धती, मेंदू आणि मज्जासंस्था, वेदन आणि संवेदन, अध्ययन, स्मृती, प्रेरणा आणि भावना, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व. सुरुवात बहुधा १८७९ पासून होते. त्या वर्षी जर्मनीतल्या लाइपझिग इथं विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. भारतात कलकत्ता विद्यापीठात गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतंत्र विभाग उभा राहिला.

विद्यार्थी अडतो तो इतिहासात नाही, शब्दांत. मराठी पुस्तकात ‘वेदन’ म्हणजे डोळे, कान, त्वचा यांनी टिपलेली कच्ची माहिती, आणि ‘संवेदन’ म्हणजे मेंदूनं त्या माहितीचा लावलेला अर्थ. रोजच्या बोलण्यात मात्र वेदना म्हणजे दुखणं आणि संवेदना म्हणजे हळवेपणा. त्यामुळे ‘संवेदन’ या प्रश्नाला माणुसकीवर पानभर निबंध लिहिला जाण्याचा धोका चांगलाच असतो.

असाच दुसरा फसवा शब्द ‘ऋण प्रबलन’. ऐकायला शिक्षेसारखा वाटतो, पण ती शिक्षा नाही. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट लावेपर्यंत टिंग टिंग आवाज येत राहतो. बेल्ट लावला की तो थांबतो. नकोशी गोष्ट थांबली, म्हणून बेल्ट लावायची सवय पक्की झाली. हे ऋण प्रबलन. शिक्षेत वर्तन कमी होतं, प्रबलनात ते वाढतं, मग ते धन असो की ऋण. परीक्षेत इथं नियमानं चूक होते आणि पुढं बी.एड.ला गेल्यावर, टीईटी देताना तीच चूक पुन्हा भेटते. टीईटीच्या १५० पैकी ३० गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राला असतात.

पट्टी, बाण आणि मिलिमीटर

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांत म्युलर-लायर भ्रम बहुतेकांच्या वाट्याला येतो. दोन सारख्या लांबीच्या रेषा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. बाहेर उघडलेल्या बाणांची रेषा लांब दिसते. फ्रांत्स म्युलर-लायर यांनी १८८९ मध्ये ही आकृती मांडली.

हे फोनवर रील म्हणून पाहिलं तर दहा सेकंदांची गंमत. प्रयोगवहीत मात्र ती तासभराची मेहनत होते. प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला, सरकती रेषा हलवून दोन्ही सारख्या दिसतील तिथं थांबायला सांगतात. खरी लांबी आणि त्यानं लावलेली लांबी यांतला फरक मिलिमीटरमध्ये लिहितात. हे एकदा नाही, अनेकदा. अर्ध्या वेळा रेषा लहान ठेवून वाढवत न्यायची, अर्ध्या वेळा मोठी ठेवून कमी करत आणायची. सरकती रेषा कधी उजवीकडे, कधी डावीकडे.

एवढा खटाटोप कशाला? कारण रेषा वाढवत नेताना माणूस जरा पुढंमागं थांबतो, कमी करत आणताना वेगळीकडे थांबतो. उजव्या-डाव्या बाजूचाही थोडा फरक पडतो. हे सगळं एकमेकांना छेद देऊन गेलं की जे उरतं, तो खरा भ्रम. या एका प्रयोगात विषयाची अर्धी पद्धत येऊन गेली. ज्याला ती कळली, त्याला पुढं ‘नियंत्रित गट’ आणि ‘स्वतंत्र परिवर्त्य’ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

ऑनर्सची तयारी करणाऱ्याचा प्रश्न इथून पुढं सुरू होतो : हा भ्रम सगळ्या माणसांना सारखाच होतो का?

मार्शल सेगल, डोनाल्ड कॅम्पबेल आणि मेल्व्हिल हर्सकोविट्स यांनी आफ्रिका, फिलिपाइन्स आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांत ही आकृती दाखवली आणि १९६६ मध्ये निष्कर्ष छापले. अमेरिकेतल्या इव्हन्स्टन शहरातल्या लोकांना भ्रम सर्वाधिक झाला. त्यांना दोन्ही रेषा सारख्या वाटायला एक रेषा सुमारे एक पंचमांश लांब करावी लागली. कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांना तो जवळजवळ झालाच नाही. संशोधकांचा तर्क असा होता की काटकोनी भिंती आणि कोपरे असलेल्या घरांत वाढलेल्या डोळ्यांना अशा रेषांत खोली पाहायची सवय लागते. या स्पष्टीकरणावर पुढं बराच वाद झाला. पण पुस्तकातला ‘माणूस’ हा पुष्कळदा अमेरिकन कॉलेजातला विद्यार्थी असतो, ही गोष्ट त्यातून पुढं आली. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा विस्तारानं मांडला, तेव्हा या विषयात चांगलीच खळबळ उडाली.

परभणीतल्या वर्गाला यातून एक तयार प्रकल्प मिळतो. तोच प्रयोग कॉलेजातल्या मुलांवर आणि गावाकडच्या आजी-आजोबांवर करून पाहायचा. निकाल काय येईल हे आधी ठरवायचं नाही. खर्च पुठ्ठा आणि पट्टीचा.

उसाची तोड आणि बुद्धीची चाचणी

ऑनर्सचं वाचन म्हणजे काय, हे समजायला एका अभ्यासाकडे जरा थांबून पाहावं. तो तमिळनाडूत झाला, पण गोदाकाठच्या कुठल्याही ऊस उत्पादकाला त्यातलं सगळं ओळखीचं वाटेल.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी त्यांनी निवडले. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. तोडीआधी हात तंग, उधारी, सोनं गहाण. तोडीनंतर काही महिने बरे. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडीआधी आणि तोडीनंतर अशा दोन वेळा दोन चाचण्या दिल्या. एक रेव्हनची, आकृत्यांमधला क्रम ओळखून रिकामी जागा भरायची. दुसरी स्ट्रूप चाचणीसारखी, पण आकड्यांची. ‘५ ५ ५’ असं समोर येतं आणि ‘पाच’ न म्हणता किती आकडे आहेत ते, म्हणजे ‘तीन’ असं सांगायचं. आकडे वापरले, कारण मूळ चाचणीला वाचता येणं गरजेचं असतं.

रेव्हनच्या चाचणीत दहापैकी बरोबर उत्तरांची सरासरी तोडीआधी ४.३५ होती, तोडीनंतर ५.४५. आकड्यांच्या चाचणीतही तोडीनंतर वेळ कमी लागला आणि चुका कमी झाल्या. माणसं तीच, जमीन तीच.

पास होण्यापुरता अभ्यास करणारा इथं थांबतो आणि लिहितो : गरिबीमुळे विचार करण्याची क्षमता कमी होते. ऑनर्सच्या दृष्टीनं वाचणारा इथून सुरू करतो.

दुसऱ्यांदा चाचणी दिली म्हणून सरावानं गुण वाढले नसतील का? संशोधकांनी काही शेतकरी मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्यांची चाचणी फक्त तोडीनंतर, पहिल्यांदाच घेतली, आणि तुलना करून पाहिली. मग हवामानाचा किंवा सणासुदीचा परिणाम असेल? इथं कारखान्याची तोडीची पाळी उपयोगी पडली. सगळ्यांचा ऊस एकाच आठवड्यात तुटत नाही. कारखाना गाळपाच्या क्षमतेप्रमाणे तारखा देतो, त्यामुळे एकाच महिन्यात काही शेतकरी तोडीआधीच्या अवस्थेत होते तर काही नंतरच्या. ज्या पाळीपायी शेतकरी वैतागतो, तीच या अभ्यासात नैसर्गिक प्रयोगासारखी कामाला आली. बरं, खाण्यापिण्यातला फरक, शारीरिक थकवा? त्याचीही पडताळणी झाली. एवढं करूनही काही संशोधकांनी त्याच नियतकालिकात या शोधनिबंधातल्या इतर प्रयोगांच्या विश्लेषणावर आक्षेप घेतले.

आता एक साधा प्रश्न. हाच अभ्यास पाथरी किंवा मानवतमध्ये केला तर काय बदलेल? इथं उसासोबत कापूस आणि सोयाबीनही आहे, कापसाचा पैसा वेचणीप्रमाणे तुकड्यातुकड्यानं येतो. चौथ्या वर्षाच्या १२ क्रेडिटच्या प्रकल्पाचा विषय असाच सापडतो. त्यासाठी पहिल्या वर्षी रेव्हन आणि स्ट्रूप ही नावं नुसती पाठ नसावीत, चाचण्या हाताखालून गेलेल्या असाव्यात.

एका शब्दानं आठवण बदलते

स्मृतीच्या प्रकरणात एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग असतोच. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. ‘आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलं त्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं त्यांनी ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच.

हा प्रयोग पोलीस जबाबापासून बातमीदारीपर्यंत सगळ्यांच्या कामाचा आहे. पण खऱ्या अपघातातला साक्षीदार घाबरलेला असतो, वर्गात फिल्म पाहणारा नसतो, हा आक्षेपही उत्तरात यायला हवा.

असं सारखं शंकेनं का वाचायचं, याला सबळ कारण आहे. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटानं नामांकित नियतकालिकांतले मानसशास्त्राचे १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक निष्कर्ष होते. पुन्हा केल्यावर तसे निष्कर्ष फक्त ३६ टक्क्यांत आले. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक वाक्य दगडावरची रेघ नाही. हे पहिल्या वर्षी सांगितलं तर विद्यार्थी गोंधळतात, असं म्हटलं जातं. खरं तर तिसऱ्या वर्षापर्यंत न सांगितल्यानं जास्त गोंधळतात.

संख्याशास्त्राला घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण टाळायचंही नाही. पहिल्या दोन वर्षांत लागणारं गणित दहावीपलीकडे फारसं जात नाही : मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध. अडचण सूत्राची नसते, अर्थाची असते. दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तरी ‘मोबाइल जास्त वापरणाऱ्या मुलांना झोप कमी’ अशी बातमी वाचली की कारण मोबाइलच धरलं जातं. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला, असंही असू शकतं. फोनमधल्या साध्या स्प्रेडशीट अ‍ॅपवर मध्यमान आणि प्रमाण विचलन काढता येतं. आकडे मात्र स्वतः जमवलेले असावेत, म्हणजे ते कुठून आले हे कळतं.

मराठीतून की इंग्रजीतून?

बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढचे संदर्भग्रंथ इंग्रजीत, ही परभणी-जिंतूर-गंगाखेडच्या बहुतेक मुलांची अडचण. यावर फुकटात बरंच मिळतं, फक्त ते माहीत नसतं.

बारावीला मानसशास्त्र नव्हतं अशांनी आधी राज्य मंडळाची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची मराठी पुस्तकं वाचावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ आहेत. पारिभाषिक शब्दांसाठी राज्य शासनाचा मानसशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतो. मराठी विश्वकोशातल्या नोंदी जुन्या धाटणीच्या आहेत, पण मराठीत विषय कसा मांडावा हे त्यातून शिकता येतं. एनसीईआरटीची पुस्तकं हिंदी आणि इंग्रजीत आहेत. इंग्रजीत ‘ओपनस्टॅक्स’चं मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक पूर्ण मोफत आहे आणि येल विद्यापीठातल्या पॉल ब्लूम यांच्या पहिल्या वर्षाच्या व्याख्यानांचे व्हिडिओही मोफत आहेत. ‘स्वयम्’वरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला यूजीसीचे २०२१ चे नियम परवानगी देतात. पण आपलं विद्यापीठ कोणते अभ्यासक्रम मान्य करतं, हे नोंदणीआधी विचारून घ्यायचं.

एक सोपी सवय : वहीच्या डाव्या पानावर मराठी शब्द, उजव्या पानावर इंग्रजी आणि मध्ये स्वतःच्या गावातलं एक उदाहरण. चौथ्या वर्षी शोधनिबंध वाचताना ही वही गाइडपेक्षा जास्त कामाला येते.

ऑनर्स झालं की समुपदेशक होता येतं का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अनेक घरांत प्रवेश याच आशेवर होतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची व्याख्या आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. आतापर्यंत हा रस्ता एम.ए. आणि त्यानंतर दोन वर्षांचं एम.फिल. असा होता. नव्या धोरणात एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल मानसशास्त्राला यूजीसीनं २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ दिली आणि पुनर्वास परिषदेनं स्वतंत्र पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आणले. बी.ए. ऑनर्स ही या रस्त्याची पहिली पायरी आहे, परवाना नाही.

परभणीसारख्या जिल्ह्यासाठी दुसरा बदल जास्त मोठा आहे. घरचं काम, शेती किंवा नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करायचं, हा इथला रुळलेला पर्याय होता. लग्न झालेल्या मुलींसाठी तर तोच एक पर्याय उरायचा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं द्यायला बंदी घातली. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली हा विषय येतो, त्यामुळे प्रत्यक्ष प्रशिक्षण हवं, हे त्यामागचं कारण. कारण रास्त आहे. पण ज्या तालुक्यात नियमित पदव्युत्तर वर्ग नाही, तिथल्या मुलीला आता गाव सोडावं लागेल किंवा विषय.

म्हणूनच चौथ्या वर्षाचं गणित महत्त्वाचं ठरतं. यूजीसीच्या जून २०२४ च्या आराखड्यानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येते. बाहेरगावी राहण्याचं एक वर्ष वाचतं, खोलीभाडं आणि मेसचा खर्च वाचतो. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही नेट देता येते आणि पीएच.डी.साठी पात्र होता येतं. राखीव प्रवर्गांना यात ५ टक्के सवलत आहे.

माणसांची गरज जिल्ह्याला आहेच. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्यानं २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात परभणी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोविकार समाजसेवक ही पदं असतात. पदवीधराला शाळा, बालविकास, सामाजिक संस्था, मनुष्यबळ अशा क्षेत्रांतही वाटा आहेत. बालविकासात रस असणाऱ्यांनी परभणीतच, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातल्या मानव विकास विभागाचीही माहिती घ्यावी. मुलांच्या वाढीचा आणि कुटुंबाचा अभ्यास तिथंही होतो, हे शहरातल्याही अनेकांना माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. विषय घेतला की मित्र, नातेवाईक, शेजारी आपल्या अडचणी घेऊन येऊ लागतात. पुस्तकातली लक्षणं वाचून प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असंही वाटू लागतं. दोन्हींत निदान करायच्या फंदात पडायचं नाही. ऐकून घ्यावं आणि टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा २४ तास चालते. गरज वाटली तर स्वतःसाठीही तोच क्रमांक लावावा.

प्रवेशाआधी कॉलेजात काय विचारायचं?

समजा, जिंतूरहून रोज एसटीनं परभणीला येणारी एखादी मुलगी मानसशास्त्र मेजर घेतेय. तिनं माहितीपत्रकातले फोटो पाहण्यापेक्षा विभागात जाऊन चार प्रश्न विचारावेत. हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालतो की मध्येच मायनर होतो? प्रयोगशाळा आहे का आणि प्रात्यक्षिकं खरंच होतात की प्रयोगवही सीनियरची उतरवायची? चौथं वर्ष याच कॉलेजात मिळेल का? संशोधनासह ऑनर्ससाठी विभागाकडे पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले प्राध्यापक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा लागते, ते आहे का?

चौथं वर्ष तिथं नसेल तर तीन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात जावं लागेल. त्यासाठी क्रेडिट ‘अ‍ॅकॅडमिक बँक’च्या खात्यात जमा झालेले असावे लागतात. ते खातं पहिल्या सत्रातच उघडून घ्यावं आणि नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते तपासावं. ही चूक सहाव्या सत्रात लक्षात आली तर दुरुस्तीसाठी नांदेडच्या चकरा ठरलेल्या.